ऊन कुठवर पोहोचतं?



पावसाळा लागला की आपल्याकडे दोन माणसं भेटली तरी पहिली विचारणा ठरलेली असते. भंडारदरा किती भरलं? मुळा किती झालं? जायकवाडीला किती गेलं? दिवाळीनंतर विचारणा बदलते : आवर्तन कधी सुटणार? या प्रश्नांवर आपला ऊस उभा आहे, कांदा उभा आहे, दावणीचा चारा आणि मुलांची शिक्षणंही उभी आहेत. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हे इथल्या शाळकरी मुलालाही सांगावं लागत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर शिकवण्याचं काम केलं. तेव्हा आज शाळेत शोभेल असा एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. धरणात पाणी किती, हे आपण रोज विचारतो. ते पाणी आतून कसं आहे, हे कधी विचारतो का? वरचं पाणी आणि तळाचं पाणी सारखंच असतं का? मे महिन्याचं रणरणतं ऊन त्या पाण्यात कुठवर उतरतं? आणि जिथं ते उतरत नाही, तिथं काय जगतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तलावात काय जगेल, किती जगेल आणि कधी मरेल, हे तिथलं ऊन, तिथली उष्णता आणि तिथला वारा ठरवतात. या तीन गोष्टी मोजल्याशिवाय आपण आपलं पाणी ओळखतो, असं म्हणता येणार नाही.

आधी आपली जागा, म्हणजे राहुरीचा परिसर, पाहू. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. थोड्याच अंतरावर तिला भंडारदऱ्याची भिंत अडवते. हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी. त्याखाली निळवंडे. पुढे ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा कालवा निघतो, आणि त्या पाण्यावर आपलं शिवार भिजतं. उरलेली प्रवरा मुळेला पोटात घेऊन प्रवरासंगमला गोदावरीत जाते, आणि तिथं नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, फुगवटा तिची वाट पाहत असतो.

म्हणजे आपण दोन तलावांच्या मध्ये राहतो. वरचा तलाव सह्याद्रीच्या अरुंद दरीतला, खोल. खालचा नाथसागर लांबीला सुमारे ५५ किलोमीटर, रुंदीला २७, पाण्याचा पसारा ३५० चौरस किलोमीटरच्या घरात, साठा १०२ टीएमसी. आता साठ्याला पसाऱ्याने भागा. काठोकाठ भरलेल्या नाथसागराची सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास निघते. एवढा अफाट जलाशय, पण उथळ! भंडारदऱ्याचं पाणी साठ्यानं त्याच्या एक दशांश, पण खोल. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिला मुद्दा प्रकाशाचा.

शेतात पिकाला ऊन लागतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पाण्यातही पीक असतं. डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म शेवाळ हे तलावाचं पीक. ते खाऊन सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे, आणि मोठ्यांवर बगळे, पाणकावळे आणि आपण. या साखळीची पहिली कडी उन्हावर चालते.

पण पाणी ऊन गिळतं. कसं गिळतं ते पाहा. समजा एका तलावात प्रत्येक मीटरला निम्मा प्रकाश नाहीसा होतो. एक मीटरला निम्मा उरला. दोन मीटरला पाव. तीन मीटरला अष्टमांश. असं करत सातव्या मीटरला किती उरला? १२८वा भाग. एक टक्काही नाही. साधारण एक टक्का प्रकाश उरतो, त्या खोलीला शेवाळाची कमाई आणि खर्च बरोबर होतात. त्याच्या वर अन्न तयार होतं. त्याच्या खाली फक्त अन्न खर्च होतं. म्हणजे तलाव तीस मीटर खोल असला, तरी अन्न पिकवणारा थर वरचा सात मीटरचाच. बाकी तेवीस मीटर वरून पडेल त्यावर जगतात.

आणि ही झाली बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याची गोष्ट. श्रावणातल्या पुराचं पाणी आठवा. लालसर, गढूळ, ओंजळीत घेतलं तर तळहात दिसत नाही. त्यात प्रकाश वीतभर अंतरातच निम्मा होतो. धरणं भरत असतात, आपण आनंदात असतो, पण पाण्याच्या आतल्या पिकासाठी तो काळोखाचा महिना असतो. पुढे आश्विन-कार्तिकात गाळ खाली बसतो, पाणी निवळतं, ऊन खोल उतरतं, आणि पुराबरोबर आलेल्या खतमातीवर शेवाळ वाढू लागतं. आपला रब्बीचा हंगाम सुरू होतो, तेव्हाच तलावाचाही हंगाम उजळतो.

हा प्रकाश मोजायचा कसा? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटलीतल्या एका धर्मगुरूने, जो खगोलशास्त्रज्ञही होता, भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती कोणत्या खोलीला दिसेनाशी होते ते पाहिलं. एवढंच! आज तलावांसाठी वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती वापरतात. ती दिसेनाशी होते त्या खोलीच्या साधारण दोन ते अडीच पट खोलीपर्यंत शेवाळ जगू शकतं. मत्स्यतळ्यात ही चकती तीस ते चाळीस सेंटिमीटरला दिसेनाशी झाली तर पाणी माशांसाठी चांगलं मानतात. फार नितळ असेल तर माशाला खायला काही नाही. फार हिरवं असेल तर धोका आहे. तो धोका कोणता, ते थोड्या वेळानं सांगतो.

प्रकाशाची आणखी एक बाजू आहे. प्रकाशात अन्न आहे, तसा प्रकाशात शत्रूही दिसतो. म्हणून अनेक तलावांतले सूक्ष्म प्राणी दिवसा अंधाऱ्या थरात उतरतात आणि रात्री चरायला वर येतात, कारण उजेडात मासा त्यांना टिपतो. आपण झोपलेलो असतो तेव्हा तलावात अशी रोजची वारी चालू असते. जगातल्या तलावांत आणि समुद्रांत ही ये-जा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं मोजली आहे.

दुसरा मुद्दा उष्णतेचा.

पाण्यात शिरलेलं ऊन नाहीसं होतं म्हणजे जातं कुठे? त्याची उष्णता होते. उन्हातून आलेल्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्या मीटरमध्येच उष्णतेत बदलतो. चुलीवरचं पातेलं खालून तापतं, म्हणून त्यातलं पाणी आपोआप ढवळलं जातं. तलाव वरून तापतो. वरचं कोमट पाणी हलकं, खालचं गार पाणी जड. हलकं वर आणि जड खाली असेल तर ते मिसळणार कशाला? तलाव आडव्या थरांत विभागला जातो, आणि दोन थरांच्या मध्ये असा एक पट्टा तयार होतो जिथं काही मीटरांत तापमान झपकन उतरतं.

इथं एक बारकावा आहे, आणि तो आपल्या उष्ण प्रदेशासाठी फार महत्त्वाचा आहे. पाणी सर्वांत जड असतं ते चार अंश सेल्सिअसला. त्यामुळेच काश्मीरच्या दल सरोवरात बर्फ वर तरंगतो आणि मासे खाली जगतात. पण चार अंशांवरून पाच अंशांवर गेलं तर पाणी जेवढं हलकं होतं, त्याच्या सुमारे तीसपट हलकं ते चोवीसवरून पंचवीसवर जाताना होतं. याचा अर्थ काय? थंड देशातल्या तलावात वरच्या-खालच्या पाण्यात बरंच अंतर पडावं लागतं, तेव्हा थर पक्के होतात. आपल्याकडे दोन-तीन अंशांचा फरकही भिंत उभी करायला पुरतो.

भिंत उभी राहिली की खाली काय घडतं? वरून मेलेलं शेवाळ, पालापाचोळा, माशांची घाण खाली पडते. जिवाणू ते कुजवतात, आणि कुजवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करतात. वरून नवा प्राणवायू येत नाही, कारण मध्ये भिंत. प्रकाश नाही, म्हणून शेवाळही तो तयार करत नाही. महिन्यामागून महिना तळ गुदमरत जातो. प्राणवायू संपला की गाळात बांधलेलं फॉस्फरस सुटतं, लोह आणि मँगनीज विरघळतात, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होतो. खोल जलाशयांचं पाणी तळातून सोडलं तर कधी गार, कधी वासाचं येतं, त्याचं कारण हेच असतं.

माशाच्या बाजूनं हा हिशोब पाहा. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच मावतो. आणि माशाच्या शरीराची गती बाहेरच्या पाण्यावर चालते; पाणी दहा अंशांनी तापलं की त्याची गरज साधारण दुप्पट होते. गरज वाढली, पुरवठा घटला! कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. वर पाणी फार तापलं आणि खाली प्राणवायू संपला, तर या तिघांनी जायचं कुठं? धरण निम्मं भरलेलं दिसतं, पण माशाच्या दृष्टीने त्यातला राहण्याजोगा थर पातळ झालेला असतो.

तिसरा मुद्दा वाऱ्याचा, म्हणजे मिसळण्याचा.

थर मोडतात कधी? वारा सुटला की, किंवा वरचं पाणी गार होऊन जड झालं की. आपल्या जिल्ह्यात पौषातल्या रात्री तापमान दहा अंशांखाली उतरतं. वरचं पाणी गारठतं, जड होतं, खाली बसतं आणि खालचं वर येतं. उष्ण प्रदेशातले खोल जलाशय असे बहुधा वर्षातून एकदा, थंडीत, तळापर्यंत ढवळले जातात. तळाला प्राणवायू मिळतो, वरच्यांना तळात साठलेलं खत मिळतं. ही देवघेव झाली तर तलावाचं वर्ष चांगलं जातं.

उथळ तलावाची रीत वेगळी. नाथसागरावर दुपारचा वारा मैलोन्मैल मोकळा धावतो. अडवायला डोंगर नाही. थर आज झाला तर उद्या मोडतो. गाळ पुन्हा वर येतो, खतही वर येतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की ओल्या चिखलाचे विस्तीर्ण काठ उघडे पडतात, त्यात किडे, शिंपले, शेवाळ भरपूर. म्हणून तिथं रोहित पक्षी उतरतात, बदकांचे थवे येतात, आणि म्हणूनच १९८६ साली त्या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. भंडारदऱ्याच्या उभ्या काठांवर असं दृश्य का दिसत नाही? पाणी तिथलंही गोड, खोरंही तेच. पण दरी खोल आहे. खोलीने प्रकाशाचा वाटा बदलला, उष्णतेची मांडणी बदलली, वाऱ्याची पोहोच बदलली, आणि त्याबरोबर जीवही बदलले.

आता ही तिन्ही सूत्रं घेऊन आपल्या बांधावर येऊ. शेततळ्यावर.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली आणि राज्यात ठिकठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी दिसू लागली. शेतकरी विचारतात, पाणी हिरवं झालंय, ठिबकचा फिल्टर तासातासाला तुंबतोय, काय टाकू? टाकण्याआधी समजून घेऊ. पाणी उथळ, नितळ, साचलेलं, तापलेलं. वरून धूळ, शेणखताचा ओघळ आणि खताचं पाणी. ऊन आहे, ऊब आहे, खत आहे. शेवाळाला आणखी काय हवं? यातली एक तरी गोष्ट तोडल्याशिवाय हिरवळ हटणार नाही. लहान तळ्यावर शेडनेट टाकलं तर ऊन तुटतं. बांध उंच ठेवून ओघळ आत येऊ दिला नाही तर खत तुटतं. अंदाजानं मोरचूद टाकलं तर शेवाळ एकदम मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. तळ्यात मासे असतील तर प्राणवायूही गेला आणि वर तांब्याचं विषही आलं.

मघाशी म्हटलेला हिरव्या पाण्याचा धोका इथंच आहे. दिवसा दाट शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं. मग चोवीस तासांत प्राणवायू सर्वांत कमी कधी? पहाटे, सूर्य उगवण्याच्या आधी. मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात ते याच वेळी. आणि दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं, ऊन पडलंच नाही, तर दिवसाची कमाईही बुडते. अशा वेळी एका रात्रीत सगळे मासे तरंगतात, आणि माणसं म्हणतात, कोणीतरी विष टाकलं. कधीकधी टाकतही असतील. पण भांडायला जाण्याआधी मागचे तीन दिवस ऊन पडलं होतं का, हे आठवा. ढगाळ दिवसांत खाद्य थांबवा, एरेटर पहाटेच्या आधी चालू करा, ताजं पाणी सोडता येत असेल तर सोडा.

हिरव्या पाण्याची आणखी एक जात आहे, आणि ती गंभीर आहे. निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते खरं तर जिवाणू. त्यांना उबदार आणि न हलणारं पाणी फार मानवतं. पेशींत वायूच्या पोकळ्या असल्याने ते तरंगून उन्हाची पहिली पंगत धरतात. त्यांच्यातल्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. पाण्यावर हिरव्या रंगाची साय धरली असेल तर ते पाणी जनावरांना पाजू नका, मुलांना त्यात उतरू देऊ नका. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं, तिथं पुण्या-पिंपरीचं सांडपाणी येतं. खत माणसाने दिलं, ऊन आणि ऊब निसर्गाने. दोष उन्हाला देता येणार नाही.

ऊन आणि उष्णता पाण्याचं रूप किती पालटू शकतात, हे २०२० च्या जून महिन्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. लोणारचं सरोवर गुलाबी झालं. उन्हाने पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता, आणि अशा तीव्र खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव बळावले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की हा रंग त्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा आहे. पावसाने पाणी सौम्य झालं आणि रंग गेला. एरवी तेच सरोवर हिरवं दिसतं. खड्डा तोच, ऊन तेच. पाणी किती आटलं एवढ्यावरून तिथला राजा बदलला.

चौथा मुद्दा थोडक्यात, पण कळकळीनं मांडतो. ऊन, उष्णता आणि वारा यांची ही मांडणी आता बदलते आहे. जगभरच्या २३५ तलावांचा १९८५ ते २००९ या काळातला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं तापमान दर दशकाला सरासरी ०.३४ अंशाने वाढत असल्याचं दिसलं. आकडा लहान वाटतो? मघाचा तीसपटीचा हिशोब आठवा. उष्ण पाण्यात थोडी वाढही थरांची भिंत घट्ट करते. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात हेच दिसलं आहे. पाणी तापलं, मिसळणं कमी झालं, तळाचं खत वर येईना, शेवाळाचं पीक घटलं, आणि त्यावर जगणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यापर्यंत ती घट पोहोचली.

आणि माणूस तलावाच्या प्रकाशात थेट हातही घालतो आहे. जलपर्णीने तलाव झाकला की खाली अंधार होतो, वारा पाण्याला स्पर्श करत नाही, आणि दोन्ही बाजूंनी प्राणवायूची वाट बंद होते. नाथसागरावर तरंगत्या सौर पॅनेलचा प्रस्तावही काही वर्षं चर्चेत आहे. वीज हवी, यात वाद नाही. बाष्पीभवन थोडं कमी होईल, हाही फायदा आहे. पण पॅनेलखालच्या पाण्याला ऊन किती मिळेल, वारा किती लागेल, तिथल्या शेवाळाचं, माशांचं, पक्ष्यांचं आणि मासेमारीवर पोट असलेल्या कुटुंबांचं काय होईल, हे आधी मोजलं पाहिजे की नको? झाकण्याआधीची मोजणी हाताशी नसेल, तर झाकल्यानंतर काय बदललं हे कशावरून सांगणार?

आता सारांश. प्रकाश ठरवतो अन्न कुठवर तयार होईल. उष्णता ठरवते पाणी किती थरांत राहील आणि त्यात प्राणवायू किती मावेल. वारा आणि थंडी ठरवतात ते थर कधी मोडतील. या तिघांत खोली मध्यस्थी करते. म्हणून एकाच खोऱ्यात भंडारदरा वेगळा आणि नाथसागर वेगळा. आणि यात आपण ओततो ते खत आणि सांडपाणी. ते घातलं की हीच तीन बळं आपल्याविरुद्ध काम करू लागतात.

मग करायचं काय? मी मोठ्या योजनेची मागणी करणार नाही. या पंचक्रोशीतल्या शाळा आणि शेतकरी यांनी एक वही सुरू करावी. वीस सेंटिमीटरची पत्र्याची चकती, तिच्यावर काळा-पांढरा रंग, सेंटिमीटरच्या खुणा केलेली दोरी. एक थर्मामीटर. तळाचं पाणी काढायला वजन बांधलेली बाटली, जिचं बूच दुसऱ्या दोरीनं खालीच उघडता येईल. पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. चकती किती खोल दिसली, वरचं तापमान किती, तळाचं किती, आभाळ कसं होतं, वारा होता का, मासे वर आले होते का. इतकंच लिहा. मात्र हे मोठ्यांच्या सोबतीनंच करा. कागदाच्या तळ्याचा उतार निसरडा असतो, त्यात पडलेल्याला बाहेर येता येत नाही. मुलांनी एकट्यानं तिथं जाऊ नये, आणि तळ्याला कुंपण आणि दोर असलेच पाहिजेत.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या दाराशी आहे. वर्षभराच्या नोंदी घेऊन तिथं जा, त्यांचा अर्थ विचारा. अहिल्यानगर शहर ज्या मुळा धरणाचं पाणी पितं, ते आपल्याच तालुक्यात आहे. त्या जलाशयाचं खोलीनुसार तापमान आणि प्राणवायू साठ्याच्या आकड्याबरोबर रोजच्या रोज जाहीर व्हावा, अशी मागणी आपण नागरिक म्हणून करू शकतो. ती मागणी करताना आपल्या हातात आपली वही असेल, तर तिला वजन येईल.

या कामाला मोठा निधी लागत नाही. येत्या कार्तिकात, पाणी निवळलं की सुरुवात करा, आणि पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं तरी थांबू नका, कारण वर्षाचा पुरा फेरा लिहिला गेला तरच त्यातून काही कळतं.